साडेचारनंतर

वर्ना हॅल्वर्सन, वय सत्त्याऐंशी, मुक्काम सॅन होजे,
रोज रात्री नऊला कॉम्प्युटर बंद करते.
नुसता बंद करत नाही.
एकेक खिडकी मिटते, उघडली त्याच्या उलट क्रमाने,
उद्याची पहिली फाइल वर डाव्या कोपऱ्यात सरकवते,
पडदा काळा झाला तरी पंखा थांबेपर्यंत बसून राहते,
मग जर्दाळूंच्या छापाचं एक विटकं कापड त्यावर टाकते
आणि खुर्ची आत ढकलते.

नातू टोबायस हसतो. तो नुसतं झाकण लावतो,
चालता चालता, एका हाताने, बोलणं न तोडता.
त्याचं यंत्र महिनोन्‌महिने अर्धवट झोपेत,
एकशेबारा खिडक्या पापण्यांआड उघड्या.
"बंद करायची गरजच नसते आता, आजी."
"गरजेचं कोण बोलतंय?"

मग चौऱ्याहत्तर साल निघतं.
टेकडीवरच्या प्रयोगशाळेत ती टंकलेखिका होती.
खाली दरीत अजून जर्दाळूच्या बागा,
आणि जूनमध्ये डबाबंद फळांच्या कारखान्याचा
गोड, जरासा करपट वास वरपर्यंत यायचा.
एका सोमवारी दोन पोरं आली, दाढीवाली, पायात सँडल,
तिच्या टेबलाशेजारी स्टूल टाकून बसली.
"आम्ही इथे नाहीच असं समजा," म्हणाली,
आणि तिने कुठला कागद कुठे ठेवला ते लिहू लागली.

तीन दिवस.
कुठला गठ्ठा तातडीचा, कुठला नुसताच तसा दिसणारा,
चुकलेल्या पानाचा बोळा कसा टोपलीत पडतो,
आणि पडलेला बोळा कधीकधी परत उचलून
तळहाताने कसा सपाट केला जातो.
हे त्यांना फार आवडलं. दोनदा करायला लावलं.

काही वर्षांनी तिला काचेवर तिचंच टेबल दाखवलं.
फोल्डर तिचे, कान बाहेर आलेले, तस्सेच.
टोपली मात्र टेबलावर!
"कचऱ्याची टोपली टेबलावर कोण ठेवतं?
आणि टेबलाला खिडक्या?"
पोरं एकमेकांकडे बघून हसली.
तोवर त्यांच्या पायात बूट आले होते.

"पण गंमत सांगू?" वर्ना म्हणते,
"साडेचारला ती उठायची. रोज.
मागच्या हिरवळीवर त्यांचा व्हॉलीबॉल असायचा.
मी टेबल आवरायचे पाचला.
ते कुणी पाहिलंच नाही."

वरचं पान पालथं कसं घालायचं,
टाइपरायटरची गाडी बरोबर मध्यावर कशी आणायची,
त्याला टोपरं कसं चढवायचं,
दाराशी पोचल्यावर एकदाच वळून कसं बघायचं.

म्हणून असेल,
यंत्रांना उघडणं आलं, मिटणं आलं नाही.
पुढे कित्येक वर्षं थांबण्यासाठी
'सुरू' लिहिलेलं बटण दाबावं लागायचं,
आणि मग काळ्यावर नारिंगी अक्षरं उभी राहायची,
आता बंद करायला हरकत नाही,
जसा एखादा पाहुणा चपला घालून झाल्यावरही
उंबऱ्यात घुटमळतो.

मी हे ज्या भाषेत लिहितोय, तिच्यात
दुकान बंद करत नाहीत, वाढवतात.
दिवा विझवत नाहीत, त्याला निरोप देतात.
निघणारा 'जातो' म्हणत नाही, 'येतो' म्हणतो.
वर्नाला यातलं काही ठाऊक नाही.
तिच्याकडे फक्त ते कापड आहे.

"आणि खालचा खण?" टोबायस विचारतो,
"त्याचं चित्र कुठंय काचेवर?"
"तो कुलपात होता. त्यांनी मागितला नाही."
"काय होतं त्यात?"
"राजीनामा. तीनदा टाइप केलेला."
"दिलास?"
ती माउस हळूच बाजूला ठेवते.
"टोपली तेव्हा टेबलाखाली असायची ना," म्हणते,
"कुणाला काही दिसायचं नाही."

नऊ वाजून गेलेत.
यंत्र विचारतं, खात्री आहे?
ती मोठ्याने 'हो' म्हणते, मगच दाबते.
पंखा थांबायला आज जरा वेळ लागतोय.
टोबायस उभा आहे, मागे,
हातात लॅपटॉप, झाकण अजून उघडं.